पुस्तक मिटल्यावर काय उरतं?

सेमिस्टरचं वेळापत्रक लागलं की कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गर्दी होते. कुणाच्या तरी सुवाच्य अक्षरातल्या नोट्स, सीनियरने दिलेली ‘आयएमपी’ प्रश्नांची यादी, मागच्या पाच वर्षांचे सोडवलेले पेपर असा गठ्ठा हातात पडला की अर्धा अभ्यास झाल्यासारखं वाटतं. मग युनिटांची वाटणी होते. दोन युनिटं ‘ऑप्शनला’ टाकली जातात, तीन पक्की करायची ठरतात आणि पीएल, म्हणजे परीक्षेआधीची सुट्टी, रात्री जागवण्यात जाते. पेपर संपल्यावर आठवड्याभरात सगळं साफ. पुढच्या सेमिस्टरला त्याच विषयाचा दुसरा भाग येतो तेव्हा पाटी कोरी असते.

मुलं आळशी की पद्धत चुकीची, हा वाद घरोघरी होतो आणि बहुधा आवाज चढून संपतो. वास्तविक अभ्यास कसा करावा हा आता निव्वळ मताचा प्रश्न राहिलेला नाही. गेली १४० वर्षं त्यावर मोजूनमापून प्रयोग होत आले आहेत, आणि त्यांतले बरेचसे कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरच झालेत. ते सगळे एकत्र ठेवून पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. अभ्यास करताना जे सुरळीत आणि सोपं वाटतं ते टिकत नाही. जे टिकतं ते करताना ‘आपल्याला काहीच येत नाही’ अशी धाकधूक होत राहते. विद्यार्थी या धाकधुकीला भिऊन सोप्या वाटेने जातो. आपली परीक्षा त्याला त्या वाटेने खुशाल जाऊ देते, हे त्याच्याही पुढचं दुखणं.

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्मरणावर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर करायचा तोही तोच. अर्थहीन अक्षरगटांच्या याद्या करायच्या, त्या बिनचूक म्हणता येईपर्यंत पाठ करायच्या आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडतात ते मोजायचं, असा त्याचा नेम. वीस मिनिटांनी पुन्हा बसलं तर सुमारे ५८ टक्के कष्ट वाचत. एका दिवसानंतर हा आकडा ३४ टक्क्यांच्या आसपास यायचा, महिन्यानंतर २१. म्हणजे मोठी गळती पहिल्या चोवीस तासांतच होते, पुढे ती मंदावते. अ‍ॅमस्टरडॅमच्या दोघा संशोधकांनी २०१५ मध्ये हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही आलेख जवळपास तसाच निघाला. अर्थपूर्ण मजकूर इतक्या झपाट्याने विसरत नाही हे खरं. पण न समजता पाठ केलेली व्याख्या आणि एबिंगहाउसचे अक्षरगट यांत तसा फारसा फरक नसतो.

त्याच पुस्तकात आणखी एक नोंद आहे. एका दिवसात ६८ वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ उजळण्यांत साधलं. कष्ट जवळपास निम्म्यावर आले, ते केवळ मध्ये दिवस जाऊ दिल्यामुळे.

त्यानंतरचा मोठा शोध परीक्षेबद्दलचाच आहे. परीक्षेने काय येतं ते कळतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आठवून लिहिण्याच्या त्या खटाटोपानेच ते पक्कंही होतं, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सहावीच्या ३,६०५ मुलांवर हर्बर्ट स्पिट्झर यांनी केलेलं काम १९३९ मध्ये प्रसिद्ध झालं. वाचल्यावर लगेच छोटी चाचणी दिलेल्या मुलांना पुढे कित्येक दिवसांनीही जास्त आठवत होतं. हे काम तसं धूळ खात पडलं. विषय पुन्हा ऐरणीवर आला तो २००६ मध्ये, सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या प्रयोगाने. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा आणि चार सत्रं दिली. एक गट चारही सत्रांत वाचतच राहिला. दुसऱ्याने तीन सत्रं वाचन केलं आणि चौथ्यात न बघता आठवेल तेवढं लिहिलं. तिसऱ्याने एकाच सत्रात वाचलं आणि उरलेली तिन्ही सत्रं आठवून लिहिण्यात घालवली. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, तिसऱ्या गटाला ७१. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते, आठवणाऱ्यांकडे ६१. आणि आठवड्याने आपल्याला कितपत आठवेल, याची सर्वांत जास्त खात्री कुणाला होती? चारही सत्रं वाचणाऱ्यांना.

या शेवटच्या गोष्टीतच सगळी मेख आहे. तिसऱ्यांदा वाचताना धडा ओळखीचा वाटतो. पुढचं वाक्य काय येणार ते कळू लागतं, डोळे भराभर सरकतात आणि मन म्हणतं, झालं की! पण ओळखणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर उतरवणं वेगळं. पेपरात पुस्तक समोर नसतं. ‘अहो, सगळं येत होतं, लिहितानाच आठवलं नाही’ असं सांगणारा मुलगा खोटं बोलत नसतो. त्याला ते कधी आठवावं लागलंच नव्हतं, एवढंच. कार्पिकी यांनीच २००९ मध्ये १७७ विद्यार्थ्यांना अभ्यासाच्या पद्धती विचारल्या, तेव्हा ८४ टक्क्यांनी पुन्हा वाचणं सांगितलं आणि निम्म्याहून जास्त जणांची ती पहिल्या क्रमांकाची पद्धत होती. न बघता आठवून पाहणं सांगणारे होते अवघे ११ टक्के. आपल्याकडचे आकडे याहून वेगळे निघतील असं मानायला काही कारण दिसत नाही.

प्रत्यक्षात हे कसं करायचं? समजा बी.ए.च्या अर्थशास्त्रातला ‘चलनवाढ: कारणे आणि उपाय’ हा घटक आहे. वीस-पंचवीस मिनिटं नीट समजून वाचावं, मग पुस्तक मिटून दूर ठेवावं आणि फुलस्केपवर निळ्या पेनाने दहा मार्कांचं उत्तर लिहायला घ्यावं. मागणीजन्य चलनवाढ, खर्चजन्य चलनवाढ, इथपर्यंत गाडी बरी चालते. उपायांपाशी ती अडते. रेपो दर आठवतो, ‘रोख राखीव प्रमाण’ हे शब्द आठवतात, पण चलनवाढ रोखायला हे प्रमाण वाढवायचं की कमी करायचं? पेन थांबतं. इथे पुस्तक उघडायचा मोह होतो, तो दोन मिनिटं आवरावा. प्रमाण वाढवलं तर बँकांना जास्त पैसा रिझर्व्ह बँकेत ठेवावा लागेल, कर्ज द्यायला कमी उरेल, खर्चाला आळा बसेल, म्हणजे वाढवायचं; असं स्वतःच जुळवता आलं तर ते पुन्हा सहसा विसरत नाही. नाहीच जुळलं तर पुढे जावं. उत्तर संपल्यावर पुस्तक उघडून राहिलेलं आणि चुकलेलं लाल पेनाने त्याच कागदावर भरावं. पहिल्या दिवशी कागद लालेलाल होतो. तीन-चार दिवसांनी पुन्हा कोरा कागद घेतला की लाल शाई कमी होते, आणि कुठे कमी झाली नाही तेही दिसतं. पुढचा अभ्यास तेवढ्याचाच करायचा.

या पद्धतीचा एक फायदा मानसशास्त्राच्या पुस्तकांत सापडायचा नाही. ८० मार्कांचा पेपर तीन तासांत लिहायचा तर दहा मार्कांच्या उत्तराला साधारण २२ मिनिटं मिळतात. वाचूनच अभ्यास करणाऱ्याला आपण २२ मिनिटांत किती लिहितो याचा पत्ताच नसतो. पहिल्या प्रश्नाला पाच पानं भरतो आणि शेवटच्याला मुद्दे लिहून सुटतो. २०२०-२१ मध्ये विद्यापीठांच्या परीक्षा ऑनलाइन बहुपर्यायी झाल्या, आणि लेखी परीक्षा परत आल्यावर लिहिण्याची सवय मोडल्याच्या तक्रारी राज्यभर ऐकू आल्या. सवय मोडते, तशी ती लागतेही, पण त्यासाठी लिहावं लागतं.

आता पाठांतराविषयी थोडं, कारण ‘घोकंपट्टी’ हा आपल्याकडे शिवीवजा शब्द झाला आहे. जुन्या घरांत दिवेलागणीला मुलांना बसवून परवचा म्हणवून घेत: पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी. या रिवाजात दोन गोष्टी होत्या ज्या आजच्या संशोधनाला पटाव्यात. म्हणताना पुस्तक समोर नसे, आणि ते एका दिवसात आटोपून टाकायचं नसे, रोज थोडं थोडं असे. वेदपाठशाळांत पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा चढत्या क्रमाने तेच शब्द उलटसुलट गुंफून म्हणण्याची जी रीत आहे, तिच्यात तर एखादा शब्द गळाला तर लगेच उघडं पडावं अशी रचनाच आहे. तेव्हा पाठांतर सरसकट वाईट म्हणण्यात अर्थ नाही. त्याची मर्यादा दुसरीकडे आहे. सतरा आठे किती, हे विचारल्यावर सतरा एके सतरापासून सुरुवात केल्याशिवाय ज्याला सांगता येत नाही, त्याला पाढा येतो पण गुणाकार येत नाही. कॉलेजच्या पाठ केलेल्या उत्तरांचं हेच होतं. प्रश्न थोडा फिरवला की उत्तराचं टोक सापडत नाही.

प्रश्न फिरवला जाईल याची तयारी कशी करायची, यावर दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातल्या डग रोहरर आणि केली टेलर यांचा २००७ चा प्रयोग फार बोलका आहे. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एका प्रकारची सगळी गणितं सोडवून मग दुसरा प्रकार घेतला. दुसऱ्या गटाला चारही प्रकार सरमिसळ करून दिले. सराव करताना पहिल्या गटाची ८९ टक्के गणितं बरोबर येत होती, सरमिसळ गटाची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिला गट २० टक्क्यांवर घसरला आणि दुसऱ्याला ६३ टक्के मिळाले.

इंजिनिअरिंगच्या किंवा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला एम-वन, एम-टू हे गणिताचे पेपर ज्याने काढलेत त्याला यामागचं कारण सांगायला नको. पुस्तकात इंटिग्रेशनच्या धड्यात सबस्टिट्यूशनच्या सरावसंचात पंधरा गणितं असतात आणि पंधराही सबस्टिट्यूशननेच सुटतात. मग बाय पार्ट्सचा संच, मग पार्शल फ्रॅक्शनचा. प्रत्येक संच मुलगा झपाझप सोडवतो. पेपरात मात्र गणितावर पद्धतीचं नाव छापलेलं नसतं. कोणती रीत लावायची हे ओळखणं हीच तिथली खरी परीक्षा असते, आणि त्याचा सराव त्याने एकदाही केलेला नसतो. उपाय बिनखर्चाचा आहे: तिन्ही संचांतली गणितं चिठ्ठ्यांवर उतरवून, मिसळून, येईल ती चिठ्ठी उचलून सोडवावी. चुका वाढतील, वेग मंदावेल, चिडचिड होईल. ती सहन करावी. बी.कॉम.च्या अकाउंट्सलाही हेच लागू, कारण भागीदारीच्या विसर्जनाचं गणित नेमकं कोणत्या प्रकारचं आहे हे ओळखण्यातच अर्धे मार्क जातात.

दोन उजळण्यांमध्ये अंतर किती ठेवायचं, याचंही उत्तर बऱ्यापैकी मिळालं आहे. निकोलस सेपेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये साडेतेराशे लोकांना काही माहिती शिकवली, वेगवेगळ्या अंतराने एकदा उजळणी करवली आणि मग वेगवेगळ्या काळाने चाचणी घेतली. चाचणी आठवड्याने असेल तर एक दिवसाचं अंतर सर्वांत फायद्याचं ठरलं. ३५ दिवसांनी असेल तर सुमारे ११ दिवसांचं. वर्षाने असेल तर तीन आठवड्यांचं. म्हणजे परीक्षा जितकी लांब तितकी उजळणीही जरा लांबवलेली बरी. काहीसं विसरू द्यावं आणि मग आठवावं. तरीही आकड्यांत फार अडकू नये. जुलैत शिकवलेलं युनिट त्याच आठवड्यात एकदा, ऑगस्टमध्ये एकदा आणि गणपतीनंतर एकदा न बघता लिहून काढलं तर दिवाळीच्या आगेमागे येणाऱ्या परीक्षेला पुरून उरतं.

हे ऐकायला पटतं, पण करताना पटत नाही, हेही मोजलं गेलं आहे. नेट कॉर्नेल यांच्या २००९ च्या प्रयोगात शब्दांची कार्डं अंतराने फिरवणाऱ्या ९० टक्के लोकांना फायदा झाला. तरी पहिल्या बैठकीनंतर ७२ टक्के लोकांचं मत होतं की एकाच दमात केलेलंच जास्त चांगलं बसतं. कार्डांचीच गोष्ट निघाली म्हणून सांगायचं, तर जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये खणांची पेटी सुचवली: आलेलं कार्ड पुढच्या खणात, चुकलेलं परत पहिल्यात, आणि मागचे खण क्वचित उघडायचे. २००६ पासून ‘अँकी’ नावाचं सॉफ्टवेअर हेच काम संगणकावर करतं आणि एम.बी.बी.एस.च्या मुलांमध्ये ते चांगलंच रुळलं आहे. शरीररचना, औषधांची नावं, कायद्याची कलमं यांना ही कार्डं उत्तम. दहा मार्कांच्या चर्चात्मक उत्तराला मात्र ती पुरी पडत नाहीत.

जॉन डनलॉस्की आणि चार सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरचं संशोधन तपासून त्यांना एका अर्थी गुणपत्रिकाच दिली. पहिल्या वर्गात दोनच आल्या: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये पसरवणं. ‘असं का?’ विचारत वाचणं, स्वतःला समजावून सांगणं आणि सरमिसळ सराव यांना मधला वर्ग मिळाला. पुन्हा वाचणं, सारांश काढणं आणि हायलायटर फिरवणं खालच्या वर्गात गेले. हायलायटरचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. पिवळ्या, हिरव्या, गुलाबी रंगांनी सजलेली पुस्तकं जुन्या पुस्तकांच्या बाजारात ढिगाने मिळतात, आणि त्यांतली पहिली वीस पानंच रंगलेली असतात.

काही समजुती याहूनही पोकळ निघाल्या. ‘माझा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे’ हे वाक्य आजकाल पालकसभेत ऐकू येतं. पण २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन चाळलं तेव्हा ज्याच्या त्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं याला पुरेसा पुरावा आढळला नाही. लॅपटॉपपेक्षा हाताने नोट्स काढणं चांगलं, असं २०१४ च्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं होतं. २०१९ आणि २०२१ मध्ये इतरांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा फरक ठामपणे दिसला नाही. तेव्हा यावरून घरात भांडण नको. आपली परीक्षा हातानेच लिहायची असते, हाताने लिहिण्याच्या बाजूने एवढं कारण पुरे.

झोपेचा विषय मात्र एवढ्यावर सोडता येत नाही. एम.आय.टी.मध्ये रसायनशास्त्राच्या एका वर्गातल्या ८८ विद्यार्थ्यांच्या मनगटावर सत्रभर झोप मोजणारे पट्टे बांधले होते. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. जास्त वेळ, चांगली आणि रोज ठराविक वेळेची झोप घेणाऱ्यांचे गुण चांगले होते, इतकंच नव्हे तर वर्गातल्या गुणांच्या फरकापैकी जवळपास चौथा हिस्सा झोपेशी जुळत होता. परंतु परीक्षेच्या आदल्या रात्रीची झोप आणि गुण यांचा संबंध दिसला नाही. महिनाभर दोन-दोन वाजेपर्यंत जागून पेपरच्या आदल्या रात्री दहाला झोपणाऱ्याने यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

आणि पालकांसाठी एक सूचना. पहाटे चारला उठून केलेला अभ्यासच डोक्यात राहतो, ही आपल्याकडची पक्की श्रद्धा. जर्मन संशोधक टिल रोनेबर्ग यांनी २००४ मध्ये दाखवलं की झोपेचं घड्याळ किशोरवयापासून उशिराकडे सरकत जातं आणि विशीच्या आसपास सर्वांत उशिराला पोहोचतं. त्यानंतर ते परत मागे येऊ लागतं. म्हणजे पहाटे ताजेतवाने असतात ते पन्नाशीचे बाबा, आणि ते उठवतात एकोणीस वर्षांच्या मुलाला. ज्याला पहाट मानवते त्याने जरूर उठावं. बाकीच्यांना रात्री दहापर्यंत अभ्यास करून सातला उठू द्यायला हरकत नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेप. हे सगळं खरं असेलही, पण शेवटच्या आठवड्यात ‘आयएमपी’ करून मुलं पास होतातच की! होतात. रोडिगर-कार्पिकी यांच्या प्रयोगातही पाच मिनिटांनंतर नुसते वाचणारेच पुढे होते. उद्याच्याच पेपरापुरतं पाहिलं तर रात्रभराचं रट्टा मारणं चालून जातं. प्रश्न दरवर्षी तेच येत असतील, निम्मा अभ्यासक्रम ऑप्शनला टाकता येत असेल आणि काठावर ४० टक्के पुरत असतील, तर मुलगा मूर्खपणा करत नाही. तो समोरच्या परीक्षेचा अभ्यास अगदी चोख करतो आहे.

हे दुखणं जुनं आहे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी आणि विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या. रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे १८६२ मध्ये त्याचे पहिले बी.ए. झाले. पुढे चाळीस वर्षांनी, १९०२ मध्ये, रॅली यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ आयोगाने नोंदवलं की इथे परीक्षा शिक्षणाच्या मागे चालत नाही, शिक्षण परीक्षेच्या मागे फरफटतं. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने तर एकच सुधारणा सुचवायची झाली तर परीक्षांची सुचवू, असा अभिप्राय दिला. सत्रपद्धती, अंतर्गत गुण, श्रेयांक हे सगळं त्यानंतर आलं. अभ्यास वर्षभर पसरावा हाच सत्रपद्धतीमागचा हेतू होता. पण पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या इंजिनिअरिंग अभ्यासक्रमाची रचना पाहा: पहिली दोन युनिटं सत्राच्या मधल्या ३० मार्कांच्या इन-सेमला, उरलेली चार सत्राअखेरच्या ७० मार्कांच्या एंड-सेमला. इन-सेम झाली की पहिली दोन युनिटं विसरायला मुलं मोकळी. ज्या अंतराने उजळणी करायची तेच अंतर रचनेने काढून टाकलं. एंड-सेमला दहा मार्क जरी पहिल्या दोन युनिटांवर ठेवले असते तरी मुलांनी ती आपण होऊन पुन्हा काढली असती.

पास होणं एवढंच उद्दिष्ट असेल तर वाद संपला. पण तीच मुलं पुढे गेट, सीए किंवा एमपीएससीला बसतात तेव्हा पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकांत महिन्याचे पैसे भरून पदवीचाच अभ्यास नव्याने करतात. एकदा फी भरून विसरलेलं पुन्हा फी भरून शिकायचं.

आणखी एका विद्यार्थ्याचा विचार या सगळ्या चर्चेत क्वचितच होतो. त्याच्याकडे पीएल नसते, कारण तो सकाळी कॉलेज करून दुपारी दुकानात, पेट्रोल पंपावर किंवा वर्कशॉपमध्ये उभा असतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती अशाच मुलांना डोळ्यांसमोर ठेवून, आणि कमवा-शिका योजना आजही कित्येक कॉलेजांत चालते. चार तास सलग बसायला मिळणाऱ्याला चुकीची पद्धतही परवडते. दिवसाला पाऊण तास मिळणाऱ्याला परवडत नाही. योगायोगाने वर सांगितलेलं सगळं पाऊण तासात बसण्यासारखंच आहे. एक कोरा कागद, एक प्रश्न, मग चुका तपासणं. लोकलमध्ये उभ्याने प्रवास करताना कालच्या लेक्चरचे पाच मुद्दे मनात मांडून पाहायला तर कागदही लागत नाही. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत पेपर लिहिणाऱ्याने एवढं करावं: समजून घेताना स्वतःला बेलाशक मराठीत समजवावं, पण आठवून लिहिण्याचा सराव इंग्रजीतच करावा. जे ज्या रूपात लागणार ते त्याच रूपात काढून पाहिलेलं बरं.

राहता राहिले प्राध्यापक, आणि माझ्या मते सर्वांत जास्त त्यांच्या हातात आहे. विद्यार्थ्याने एकट्याने ही सवय लावून घेणं कठीण, कारण प्रत्येक पावलावर मन त्याला सांगत असतं की हे जमत नाहीये. २०१९ मध्ये हार्वर्डला भौतिकशास्त्राच्या वर्गात असंच दिसलं: ज्या तासाला मुलांना स्वतः गणितं सोडवायला लावली त्या तासाला ती जास्त शिकली, पण त्यांना स्वतःला वाटलं की सरांचं ओघवतं व्याख्यान ऐकताना आपण जास्त शिकलो. तेव्हा मुलं कुरकुरतील, फीडबॅकच्या फॉर्मवर चार तारे कमी पडतील. तरीही करून पाहण्यासारखी गोष्ट एकच आहे. प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटं मागच्या आठवड्यातले दोन प्रश्न फळ्यावर लिहा, वह्या मिटून चिठ्ठीवर उत्तरं लिहायला सांगा, उत्तरं सांगा आणि चिठ्ठ्या मुलांकडेच राहू द्या. मार्क नाहीत, रजिस्टर नाही, तपासणी नाही. यासाठी शासन निर्णय लागत नाही आणि अभ्यास मंडळाची मंजुरीही लागत नाही. येत्या सोमवारच्या पहिल्या तासापासून सुरू करता येईल.